लुडविग या नावातला ‘श्रुत’

आपला प्रश्न असा आहे: आपली मुलगी म्युनिकजवळ राहते, जावई बव्हेरियाचे आहेत, आणि होणारे बाळ मुलगा असल्यास त्याला जावयांच्या आजोबांचे ‘लुडविग’ हे नाव द्यायचे असे दोघांच्या मनात आहे. या नावाचा अर्थ ‘प्रसिद्ध योद्धा’ असल्याचे आपल्या वाचनात आले. तो अर्थ बरोबर आहे का, नाव आले कोठून, आणि लढाईचा अर्थ वाहणारे, आपल्या कानाला परके वाटणारे हे नाव नातवाला शोभेल का, असे आपण विचारले आहे. गेली सत्तावीस वर्षे मी जर्मन भाषा आणि तिचा इतिहास शिकवीत आलो आहे, आणि जर्मनीत सून किंवा जावई असलेल्या मराठी कुटुंबांकडून नावांविषयीचे प्रश्न मला वरचेवर येतात. त्यामुळे उत्तर थोडे ऐसपैस देतो. परकेपणाची शंका मात्र आधीच दूर करतो, कारण या नावाचा पूर्वार्ध आपल्या घरातलाच आहे.

‘लुडविग’ हे दोन शब्दांचे सामासिक नाव आहे. त्याचे जुन्या जर्मनमधील रूप ‘ह्लुडुविग’ किंवा ‘ह्लुडोविग’ असे होते. उत्तरपद ‘विग’ म्हणजे युद्ध, झुंज. आधुनिक जर्मनमध्ये हा शब्द सुटा उरलेला नाही, पण ‘वायगांड’ या आडनावात तो टिकून आहे, कारण ‘विगांत’ म्हणजे लढणारा. पूर्वपद ‘ह्लुड’ याचा अर्थ ‘ज्याच्याविषयी ऐकले जाते असा’, म्हणजे विख्यात. आता या ‘ह्लुड’शेजारी संस्कृतमधला ‘श्रुत’ ठेवून पाहा. हे दोन्ही शब्द एकाच मूळ इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, ग्रीक आणि जर्मन यांच्या समान पूर्वज भाषेतील, शब्दाचे वारस आहेत, आणि त्यांच्यातला फरक नियमबद्ध आहे. मूळ भाषेतील तालव्य ‘क’ संस्कृतात ‘श’ झाला, तर जर्मानिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातील, भाषांत आधी घशातून घासून येणारा ‘ख़’ आणि पुढे ‘ह’ झाला. म्हणून आपल्या ‘शत’ला जर्मनमध्ये ‘हुंडर्ट’ आणि ‘श्वन्’ला ‘हुंड’ म्हणतात. मूळचा ‘ल’ संस्कृतात येथे ‘र’ झाला, जर्मानिकने तो ‘ल’च ठेवला. शेवटचा ‘त’ तिकडे मृदू होऊन ‘ड’ झाला. ग्रीकमध्ये हाच शब्द ‘क्लुतोस’ असा दिसतो. आपल्या ‘श्रवस्’ या वैदिक शब्दाचे ग्रीक भावंड ‘क्लेओस’ आहे, तेच पेरिक्लीस आणि हेराक्लीस या नावांच्या शेपटीला आहे. स्लाव नावांतला ‘स्लाव’, उदाहरणार्थ मिरोस्लाव, त्याच मुळाचा आहे.

येथे एक बारकावा सांगणे भाग आहे. जर्मानिकमध्ये या मुळापासून दोन जवळची विशेषणे मिळतात. एक ऱ्हस्व उकाराचे, म्हणजे ‘श्रुत’चे थेट जुळे, अर्थ ‘विख्यात’. दुसरे दीर्घ ऊकाराचे, ज्यातून आजचा जर्मन ‘लाउट’ आणि इंग्रजीतला ‘लाउड’ आला, अर्थ ‘मोठ्याने ऐकू येणारा’. काही हौशी नामकोशांत लुडविगचा अर्थ ‘मोठ्या आवाजाचा लढवय्या’ असा दिलेला असतो, त्याचे कारण हे. अर्थाची मुळे एकच असली तरी नावात कीर्तीचा अर्थ घ्यावा. त्याच कुळातला आणखी एक शब्द जर्मन कायद्याच्या भाषेत अजून वावरतो: ‘लॉयमुंड’, म्हणजे माणसाचा समाजातला लौकिक, त्याचे जुने रूप ‘ह्लिउमुंत’. ऋग्वेदातील ‘श्रोमत’ या शब्दाशी त्याचे नाते भाषाशास्त्रज्ञांनी फार पूर्वीच दाखवून दिले आहे. वर्गात हे उदाहरण दिले की संस्कृत शिकलेल्या विद्यार्थ्यांचे डोळे चमकतात, आणि मला ते अजूनही आवडते.

आता समासाकडे येऊ. ‘प्रसिद्ध योद्धा’ हा आपण वाचलेला अर्थ चुकीचा नाही, पण ढोबळ आहे. ‘विग’ म्हणजे योद्धा नव्हे, युद्ध. म्हणून ‘लुडविग’ हा आपल्या व्याकरणाच्या भाषेत बहुव्रीही समास ठरतो: श्रुत आहे युद्ध ज्याचे, तो. पाणिनीच्या परंपरेत वाढलेल्या माणसाला याची फोड करून दाखवण्याची गरज भासू नये, कारण महाभारतात अशी नावे जागोजाग आहेत. द्रौपदीच्या पाच मुलांपैकी अर्जुनापासून झालेला श्रुतकर्मा आणि सहदेवापासून झालेला श्रुतसेन. ‘सेना’ या अर्थाचा जर्मानिक शब्द ‘हारि’ असा होता, आणि ‘ह्लुड’ अधिक ‘हारि’ मिळून ‘लोथार’ हे नाव होते. म्हणजे लोथार हा अर्थाने हुबेहूब श्रुतसेन आहे, आणि पूर्वपद तर शब्दशः तेच आहे. लुडविगच्या सर्वांत जवळ जाणारे महाभारतातील नाव श्रुतायुध म्हणता येईल. ते नातवासाठी मी सुचवणार नाही, कारण द्रोणपर्वातील श्रुतायुधाने वरुणाकडून मिळालेली गदा न लढणाऱ्या श्रीकृष्णावर फेकली आणि ती उलटून त्याचाच जीव घेऊन गेली.

जर्मानिक लोकांनी आणि आपल्या पूर्वजांनी एकमेकांकडून ही पद्धत उचललेली नाही. दोन शब्दांची, कीर्ती, बळ, अश्व, सेना, देव यांभोवती फिरणारी नावे देण्याची रीत ही ती मूळ भाषा बोलणाऱ्या समाजाकडून दोघांकडे आलेली मिरास आहे. त्या समाजाच्या काव्यात मृत्यूनंतर उरणारी कीर्ती हे सर्वोच्च मूल्य होते. ऋग्वेदातील ‘अक्षित श्रवस्’ आणि होमरच्या काव्यातील ‘क्लेओस आफ्थितोन’, दोन्हींचा अर्थ ‘न झिजणारी कीर्ती’, यांची जुळणी जर्मन भाषाशास्त्रज्ञ आडालबर्ट कून यांनी १८५३ साली दाखवली. लढाईचा अर्थ असलेले नाव बाळाला कसे शोभेल, या आपल्या शंकेचे अर्धे उत्तर यात आहे. नावाचा भर युद्धापेक्षा ‘श्रुत’ या पदावर आहे, ऐकले जाण्यावर, लोकांच्या तोंडी राहण्यावर.

उरलेले अर्धे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे, आणि नामकोश ते सहसा देत नाहीत. जुनी जर्मानिक नावे ही वाक्ये नव्हती. आईवडील अर्थ ठरवून मग नाव बनवीत नसत. घराण्याकडे काही पदे असत, आणि ती जोडून नवे नाव घडवले जाई, जेणेकरून मूल कोणाचे हे नाव ऐकताच कळावे. म्हणूनच ‘हेडविग’सारखे स्त्रीनाव होऊ शकते, ज्याच्या दोन्ही पदांचा अर्थ ‘युद्ध’च आहे. ‘युद्ध-युद्ध’ असा अर्थ मनात धरून कोणी मुलीचे बारसे केले असेल असे मला वाटत नाही. जुन्या जर्मनमधील प्रसिद्ध हिल्डेब्रांड-गीतात आजोबा हेरिब्रांड, वडील हिल्डेब्रांड आणि मुलगा हाडुब्रांड अशी तीन पिढ्यांची नावे येतात. ‘ब्रांड’ हे पद तिघांना बांधते, आणि पहिले अक्षर तिघांत ‘ह’ राहते, म्हणजे कवीला ती अनुप्रासात ओवता येतात. नावाचा खरा अर्थ कोशात नसून वंशावळीत असे.

हेच लुडविग नावाच्या पहिल्या मोठ्या धन्याच्या घरात दिसते. फ्रँक लोकांचा राजा ख्लोडविग, ज्याला फ्रेंच इतिहास क्लोव्हिस म्हणतो, याच्या वडिलांचे नाव खिल्डेरिक. क्लोव्हिस सुमारे ४८१ साली, पंधरा-सोळा वर्षांचा असताना गादीवर आला, ४८६ मध्ये सोआसाँ येथे त्याने गॉलमधील शेवटच्या रोमन सत्ताधीशाचा, सियाग्रियसचा पराभव केला, आणि ५११ मध्ये मरण पावला तेव्हा आजच्या फ्रान्सचा बराच भाग त्याच्या हाती होता. राणी क्लोटिल्डच्या आग्रहाने त्याने ऱ्हाइम्स येथे बिशप रेमिगियसकडून बाप्तिस्मा घेतला. परंपरा त्यासाठी ४९६ चा नाताळ सांगते, काही अभ्यासक हे वर्ष बरेच पुढे नेतात. क्लोटिल्डपासून झालेल्या त्याच्या मुलांची नावे पाहा: ख्लोडोमेर, खिल्डेबर्ट, ख्लोथार. दोघांना बापाच्या नावाचे पूर्वपद मिळाले आणि एकाला आजोबांच्या नावाचे. ही नावे लॅटिन कागदपत्रांत उतरवताना लेखकांची त्रेधा उडे, कारण लॅटिनमध्ये तो घशातला ‘ख़’ नव्हता. सहाव्या शतकात फ्रँक लोकांचा इतिहास लिहिणारा तूरचा बिशप ग्रेगरी या राजाला ‘ख्लोडोवेखुस’ म्हणतो. त्या लिखित ‘ख’चा उच्चार फ्रेंच परंपरेत ‘क’ झाला आणि क्लोव्हिस हे रूप रूढ झाले. बोलीत मात्र तो ‘ख़’ विरत विरत ‘ह’ झाला, मग तोही गळला, आणि त्या वाटेने ‘लुई’ आणि ‘लुडविग’ ही रूपे आली. म्हणजे क्लोव्हिस, लुई आणि लुडविग ही तीन नावे नसून एकाच नावाचे तीन मुक्काम आहेत. फ्रान्सच्या राजांचे क्रमांक क्लोव्हिसपासून मोजले असते तर शिरच्छेद झालेल्या राजाला आपण सोळावा लुई म्हटलेच नसते.

यानंतरचा प्रसंग मला या नावाच्या चरित्रातील सर्वांत बोलका वाटतो. क्लोव्हिसच्या मेरोव्हिंजियन घराण्याची सत्ता पुढे नावापुरती उरली आणि राजवाड्याचे कारभारी खरे धनी झाले. पेशवाई माहीत असलेल्या वाचकाला हे अधिक उलगडून सांगायला नको. फरक इतकाच की पेशव्यांनी छत्रपतींची गादी घेतली नाही, तर पिपिन या कारभाऱ्याने ७५१ मध्ये शेवटचा मेरोव्हिंजियन राजा तिसरा खिल्डेरिक याला मठात धाडले आणि स्वतः राजा झाला. या नव्या घराण्याची स्वतःची नावे होती: पिपिन, कार्ल, कार्लमान. लुडविग आणि लोथार ही त्यांची नव्हेत, ती पदच्युत केलेल्या घराण्याची. आणि तरीही पिपिनचा मुलगा कार्ल, म्हणजेच शार्लमेन, याला ७७८ मध्ये जुळे मुलगे झाले तेव्हा त्याने त्यांची नावे नेमकी लुडविग आणि लोथार अशी ठेवली. सत्ता घेऊन सत्तावीस वर्षे झाली होती. आता पूर्वीच्या राजांची नावे घरात आणून आपण त्यांचेच वारस आहोत असे जगाला सांगायचे होते. तलवारीने मिळालेल्या गादीवर बारशाने केलेले हे शिक्कामोर्तब होते. जुळ्यांतला लोथार दोन वर्षांच्या आतबाहेर गेला, आणि लुडविग ८१४ मध्ये सम्राट झाला. इतिहास त्याला ‘धर्मनिष्ठ लुई’ म्हणतो.

या सम्राटाच्या काळात आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रथम लिहिले गेले, आणि तेही एका आश्रिताकडून. एर्मोल्डुस निगेल्लुस नावाचा एक कवी सम्राटाच्या रोषामुळे स्ट्रासबूर्गला हद्दपार होता. माफी मिळावी म्हणून त्याने ८२० च्या दशकात सम्राटाच्या स्तुतीपर एक दीर्घ लॅटिन काव्य लिहिले, आणि त्यात नावाची फोड केली: ‘ह्लुतो’ म्हणजे विख्यात आणि ‘विग’ म्हणजे मार्स, रोमनांची युद्धदेवता. म्हणजे भाषाशास्त्राने एकोणिसाव्या शतकात शास्त्रशुद्ध पद्धतीने सिद्ध केलेला अर्थ जर्मानिक बोलणाऱ्यांच्या कानाला तेव्हा अजून ऐकू येत होता. नंतर तो ऐकू येईनासा झाला. आज म्युनिकच्या रस्त्यावर एखाद्या लुडविगला त्याच्या नावाचा अर्थ विचारला तर त्याला तो कोशात पाहावा लागेल.

धर्मनिष्ठ लुईच्या मुलांचे भांडण युरोपच्या नकाशाला पुरून उरले. १४ फेब्रुवारी ८४२ रोजी त्याचे दोन मुलगे, ‘जर्मन’ म्हणून ओळखला जाणारा लुडविग आणि टकला कार्ल, थोरला भाऊ लोथार याच्याविरुद्ध एकत्र येऊन स्ट्रासबूर्ग येथे शपथबद्ध झाले. एकमेकांच्या सैन्याला समजावे म्हणून लुडविगने शपथ रोमान्स भाषेत, म्हणजे फ्रेंचच्या पूर्वज भाषेत घेतली, आणि कार्लने जर्मनमध्ये. इतिहासकार निटहार्डने दोन्ही मजकूर जसेच्या तसे उतरवून ठेवले, त्यामुळे फ्रेंच भाषेचा सर्वांत जुना सलग नमुना आपल्याला मिळाला. त्याच पानावर आपले नाव दोन्ही भाषांत येते: एकीकडे ‘लोधुविग्स’, दुसरीकडे ‘लुधुविग’. पुढच्या वर्षी, ८४३ मध्ये, व्हर्दँ येथे साम्राज्याची तीन वाटण्यांत विभागणी झाली. मधला पट्टा लोथारकडे गेला, त्याच्या त्याच नावाच्या मुलाच्या वाट्याला आलेल्या उत्तर भागाला लोथारिंगिया म्हणू लागले, आणि आजचे लोरेन, जर्मनमधले लोथ्रिंगेन, हे नाव त्यावरून आले. श्रुतसेनाच्या नावाचा प्रांत फ्रान्सच्या नकाशावर आहे, असे आपण गमतीने म्हणू शकतो.

नावातला आरंभीचा ‘ह’ शेवटचा ठळकपणे दिसतो तो सोकूरच्या लढाईवरील जुन्या जर्मन गीतात. ८८१ मध्ये पश्चिम फ्रँक राजा तिसरा लुई याने व्हायकिंगांचा पराभव केला, आणि लगेच रचल्या गेलेल्या त्या गीताची सुरुवात साधारण अशी आहे: ‘मला एक राजा ठाऊक आहे, त्याचे नाव ह्लुडुइग.’ बोलीत ‘ह’ तेव्हा जवळजवळ गेलेला होता; कवीने राजाच्या नावाला जुना पोशाख चढवला असावा, असे माझे मत आहे.

पुढच्या हजार वर्षांतील फ्रेंच लुईंची यादी देण्यात अर्थ नाही, ती शाळेच्या पुस्तकांत आहे. दोन गोष्टी मात्र आपल्या बाळाशी जोडलेल्या आहेत. १२७० मध्ये धर्मयुद्धावर असताना वारलेल्या नवव्या लुईला १२९७ मध्ये चर्चने संत घोषित केले, त्यामुळे राजांचे हे नाव सामान्य ख्रिस्ती घरांनाही खुले झाले. त्याचा स्मृतिदिन २५ ऑगस्टला असतो. कॅथलिक बव्हेरियात वाढदिवसाइतकाच नामदिन, म्हणजे आपल्या नावाच्या संताचा दिवस, पाळण्याची रीत होती, आणि जुन्या वळणाच्या घरांत अजून आहे. तेव्हा आपल्या नातवाला त्या दिवशी शुभेच्छा आल्या तर नवल वाटू देऊ नये.

बव्हेरियात हे नाव विटेल्सबाख राजघराण्याचे. १३२८ मध्ये सम्राट म्हणून अभिषिक्त झालेला ‘बव्हेरियन लुडविग’ त्यांचाच. राजे म्हणून लुडविग तीन झाले. पहिला लुडविग २५ ऑगस्ट १७८६ रोजी, म्हणजे संत लुईच्याच दिवशी, स्ट्रासबूर्गला जन्मला, कारण त्याचे वडील तेव्हा फ्रेंच सैन्यात होते, आणि त्याचा धर्मपिता होता स्वतः सोळावा लुई. म्हणजे बव्हेरियाच्या या लुडविगचे नाव फ्रेंच लुईवरून पडले, आणि सात वर्षांनी त्या धर्मपित्याचे डोके गिलोटिनखाली गेले. १२ ऑक्टोबर १८१० रोजी झालेल्या या राजपुत्राच्या लग्नाच्या उत्सवातून म्युनिकचा ऑक्टोबरफेस्ट सुरू झाला. ज्या मैदानावर तो भरतो त्याला वधू थेरेसाचे नाव आहे. लोला मोंटेझ या नर्तकीच्या प्रकरणाने आणि १८४८ च्या क्रांतीने त्याला गादी सोडावी लागली. त्याचा नातू दुसरा लुडविग हा नॉयश्वानस्टाइनचा किल्ला बांधणारा, १८८६ मध्ये श्टार्नबेर्गच्या तळ्यात गूढ रीतीने मेलेला ‘परीकथेचा राजा’. तोही २५ ऑगस्टलाच, १८४५ मध्ये जन्मला. त्याला ओट्टो म्हणायचे ठरले होते, पण नातू आपल्याच वाढदिवशी आणि आपल्या संताच्या दिवशी जन्मला म्हटल्यावर आजोबांनी हट्ट धरला, आणि लुडविग हेच हाकेचे नाव झाले. ओट्टो हे नाव तीन वर्षांनी धाकट्या भावाला मिळाले. तिसऱ्या लुडविगबरोबर १९१८ मध्ये बव्हेरियाचे राजेपण संपले, परंतु त्या प्रांतात या नावाला असलेली आपुलकीची ऊब गेलेली नाही. आपल्या जावयांच्या आजोबांचे नाव लुडविग असणे हे तिथे अगदी स्वाभाविक आहे.

आजोबांचे नाव नातवाला देण्याची जर्मन रीत आपल्याला समजावून सांगायला नकोच. बाळाजी विश्वनाथांचा नातू बाळाजी बाजीराव, तसे बॉनच्या दरबारातील संगीतप्रमुख लुडविग यांचा नातू लुडविग फान बेटहोवेन. हे आजोबा मूळचे फ्लँडर्समधील मेखेलेनचे, जन्माने ‘लोडेवाइक’. नातवाचा बाप्तिस्मा १७ डिसेंबर १७७० रोजी झाला. त्याच्या आधीच्या वर्षी जन्मलेल्या भावालाही हेच नाव दिले होते, पण ते बाळ जेमतेम आठवडाभर जगले. नाव मात्र घरात हवेच होते. आपण ज्या संगीतकाराला लुडविग म्हणतो त्याने स्वतः काही ठिकाणी ‘लुई’ अशीही सही केली आहे, कारण त्या काळी शिष्टाचाराची भाषा फ्रेंच होती. एकोणिसाव्या शतकात हे नाव राजवाड्यांतून मध्यमवर्गात पुरते उतरले, आणि भौतिकशास्त्रातले बोल्ट्समान आणि प्रांट्ल, तत्त्वज्ञानातले फॉयरबाख आणि व्हिटगेनश्टाइन, अर्थकारणातले एरहार्ड हे सगळे लुडविगच. आपल्या दृष्टीने एक नाव मुद्दाम जोडतो: ऋग्वेदाचे १८७० आणि १८८० च्या दशकांत जर्मन भाषांतर करणारे प्रागचे आल्फ्रेड लुडविग. त्यांच्या बाबतीत ते आडनाव होते. ‘श्रुत’चे जर्मन जुळे आडनावात मिरवणाऱ्या माणसाच्या हातून श्रुतींचे भाषांतर व्हावे, हा योगायोग मला नेहमीच मौजेचा वाटला आहे.

इतर भाषांत या नावाने कितीतरी वेष घेतले: इटालियनमध्ये लुइजी आणि लुडोव्हिको, स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये लुईस, पोलिशमध्ये लुडविक, हंगेरियनमध्ये लायोश, इंग्रजीत ल्युइस. मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला लुई पाश्चर आणि लुई ब्रेल ठाऊक असतात, म्हणजे नाव आपल्या ओळखीचे आहेच, फक्त फ्रेंच वेषात. भारताचा शेवटचा व्हाइसरॉय लुई माउंटबॅटन हाही त्यातलाच. त्याचे वडील ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे जन्मले तेव्हा हेसेच्या घराण्यातील लुडविग फॉन बाटेनबेर्ग होते; इंग्लंडमध्ये ते लुई झाले, आणि १९१७ मध्ये जर्मनद्वेषाच्या लाटेत बाटेनबेर्गचे माउंटबॅटन झाले. गोवा आणि वसईच्या वाचकांसाठी आणखी एक धागा आहे. लुईस हे नाव पोर्तुगीजांबरोबर तिकडे आले, पण रॉड्रिग्ज आणि फर्नांडिस ही आडनावेही मुळात जर्मानिकच आहेत, स्पेन-पोर्तुगालवर राज्य केलेल्या व्हिसिगॉथ लोकांची. ‘रोद्रिगो’मधील ‘ह्रोद’चा अर्थही कीर्तीच. वसईच्या एखाद्या वाडीत शेजारी राहणारे लुईस आणि रॉड्रिग्ज हे दोघेही अर्थाने ‘विख्यात’ असतात, हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेले नसते.

आता व्यवहाराचे थोडे. उच्चार ‘लुडविग’ असा मराठीत लिहिला जातो, पण जर्मनमध्ये पहिला उकार दीर्घ आहे आणि ‘ड’ बराचसा ‘ट’कडे झुकतो, त्यामुळे पहिले अक्षर आपल्या कानाला चक्क ‘लूट’ ऐकू येते. आपल्याकडच्या आजीने पहिल्यांदा हाक मारली की घरात हसू फुटणार, हे धरून चालावे. शेवटचा ‘ग’ प्रमाण जर्मनमध्ये ‘श’ आणि ‘ख़’ यांच्या मधला एक मऊ, घासणारा ध्वनी होतो, बव्हेरियात मात्र साधा ‘क’सारखा, तेव्हा आपण ‘लूडविक’ म्हटलेत तर जावयांच्या गावात कोणी दुरुस्त करणार नाही. मधला ‘वि’ आपल्या ‘वि’सारखाच, इंग्रजी वळणाने ओठ गोल करण्याची गरज नाही. घरगुती रूपांत ‘लुट्स’ सर्व जर्मनीत चालते, आणि बव्हेरियाचे खास रूप ‘विगर्ल’. जावयांच्या आजोबांना कदाचित हीच हाक असेल, विचारून पाहा.

एक सूचना मात्र स्पष्ट करतो, कारण मुलगी-जावई ती भिडेपोटी करणार नाहीत. लाडाने ‘लुडे’ म्हणू नका. या नावाचे हे संक्षिप्त रूप जर्मन बोलीत वेश्याव्यवसायातील दलालासाठी वापरले जाते, आणि ‘लुई’ या रूपालाही एके काळी तोच डाग होता. ‘लुई’चा तो अर्थ आता पुसट झाला आहे, उलट गेल्या वीस वर्षांत जर्मन आईवडिलांच्या आवडत्या नावांत लुई आणि लुईस ही रूपे अग्रक्रमाने आली आहेत. ‘लुडे’ मात्र अजून जिवंत आहे. खुद्द लुडविग हे नाव मधली काही दशके आजोबांच्या पिढीचे म्हणून बाजूला पडले होते, ते अलीकडे शहरी, शिकलेल्या घरांत पुन्हा दिसू लागले आहे. शाळेत तो एकटाच लुडविग असण्याची शक्यता बरीच आहे, पण त्याचे नाव कोणाला विचित्र वाटणार नाही.

शेवटचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो येणारच: सोबत मराठी नाव देता येईल का? जर्मनीतील नोंदणी कार्यालय, ज्याला श्टांडेसआम्ट म्हणतात, एकाहून अधिक नावे नोंदवते, आणि भारतीय नाव नोंदवण्यात आता फारशी अडचण राहिलेली नाही. पूर्वी नावावरून मुलगा की मुलगी हे कळायला हवे असा आग्रह धरला जाई. भारतीय नाते असलेल्या एका कुटुंबाने मुलीचे नाव ‘किरण’ ठेवले, कार्यालयाने लिंग स्पष्ट करणारे दुसरे नाव जोडायला सांगितले, आणि प्रकरण थेट संघराज्याच्या घटना न्यायालयापर्यंत गेले. ५ डिसेंबर २००८ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की बाळाच्या हिताला बाधा येत नसेल तर असा आग्रह धरता येत नाही. तेव्हा निवड मोकळी आहे. मला विचाराल तर पहिले नाव लुडविग आणि दुसरे ‘विश्रुत’ ठेवावे. जर्मन जिभेला ते थोडे अवघड जाईल खरे. ते नको असेल तर ‘श्रवण’ घ्यावे, तेही त्याच धातूचे आहे. पत्रिकेतील अक्षर कोणते येते ते पाहून आपण मला कळवावे, म्हणजे त्या अक्षराचे आणि याच कुळातले काही जुळते का ते शोधून सांगेन.